मॅडिसन हेमिंग्जचा शब्द आणि वाय गुणसूत्र

वंशावळ हा एका अर्थी साहित्यप्रकारच आहे. कोणाला पुढे आणायचे आणि कोणाला गाळायचे, हे सांगणारा ठरवतो. अलीकडे मात्र या कथनाला वाय गुणसूत्राच्या चाचणीला सामोरे जावे लागते. हे गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळपास जसेच्या तसे जाते; त्यामुळे एकाच मूळ पुरुषाच्या पुत्रशाखांतले दूरचे वंशज अनेक पिढ्यांनंतरही ताडून पाहता येतात. या साक्षीचे वजन किती धरावे, हे समजून घ्यायला अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष थॉमस जेफरसन याचे प्रकरण पाहावे.

व्हर्जिनियातील माँटिसेलो या त्याच्या मळ्यावर सॅली हेमिंग्ज ही गुलाम स्त्री होती. तिची मुले जेफरसनपासून झालेली आहेत, असे जेम्स कॅलेंडर या पत्रकाराने १८०२ मध्ये छापले. १८७३ मध्ये तिचा मुलगा मॅडिसन याने ओहायोतील एका वृत्तपत्रात तेच स्वतः सांगितले. जेफरसनच्या नातवंडांनी मात्र त्याच्या भाच्यांकडे, म्हणजे कार बंधूंकडे बोट दाखवले. बहुतेक चरित्रकारांनी नातवंडांचा शब्द प्रमाण मानला. वास्तविक दोन्हीकडे होती ती घरात चालत आलेली तोंडी हकीकतच. पण एक मालकाच्या घरातली, दुसरी गुलामाच्या. ॲनेट गॉर्डन-रीड यांनी १९९७ च्या आपल्या पुस्तकात हा पक्षपात उघडा केला, तोही चाचणीच्या आधी, उपलब्ध पुराव्यांच्या काटेकोर वाचनातून. (साहित्याच्या वर्गात हे आवर्जून सांगावे.)

जेफरसनला वयात आलेला औरस मुलगा नव्हता. म्हणून युजीन फॉस्टर व सहकाऱ्यांनी त्याच्या चुलत्याच्या, फील्ड जेफरसनच्या, पुत्रशाखेतील पाच पुरुषांचे नमुने घेतले. नोव्हेंबर १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष आले: सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याच्या वंशजाचे गुणसूत्र जेफरसन घराण्याशी जुळत होते, कार घराण्याशी नाही. निदान एस्टनपुरता नातवंडांचा दावा निकालात निघाला.

पण म्हणून तोंडी परंपरेचा सरसकट विजय झाला असे नाही. आपला पूर्वज थॉमस वुडसन हा सॅली आणि जेफरसन यांचा मुलगा, ही कथा वुडसन घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने जपली होती. तपासलेल्या त्यांच्या पाच वंशजांपैकी कोणाचेही गुणसूत्र जेफरसनशी जुळले नाही. उलट एस्टन विस्कॉन्सिनला जाऊन जेफरसन आडनावाने गोरा म्हणून राहिला. कृष्णवर्णीय मूळ झाकण्यासाठी त्याच्या वंशजांनी विसाव्या शतकात, आपण जेफरसनच्या एका चुलत्याचे वंशज, असे मुलांना सांगायला सुरुवात केली. कथा मोडली होती, ती नेमकी याच शाखेत.

‘नेचर’च्या मथळ्याने पिता जेफरसनच असे ठामपणे जाहीर केले, ती घाई होती. चाचणी घराणे सांगते, माणूस सांगत नाही. जेफरसनचा भाऊ रँडॉल्फ आणि त्याचे मुलगे यांचे गुणसूत्रही तेच. २००१ मध्ये काही अभ्यासकांच्या समितीने याच मुद्द्यावर शंका घेतली. मग पुन्हा कागदांकडेच वळावे लागते. एरवी दीर्घकाळ बाहेरगावी असणारा जेफरसन सॅलीच्या प्रत्येक ज्ञात अपत्याच्या गर्भधारणेच्या सुमारास माँटिसेलोत होता, हे नोंदींवरून दिसते. माझ्या मते हा पुरावा गुणसूत्राइतकाच भारी आहे. माँटिसेलोची देखभाल करणाऱ्या संस्थेने २००० मध्ये पितृत्व बहुधा खरे असल्याचे म्हटले आणि २०१८ मध्ये ते निर्णीत मानले.

स्त्रियांविषयी मात्र हे गुणसूत्र मुकेच. सॅली ही जेफरसनच्या दिवंगत पत्नीची सावत्र बहीण. जॉन वेल्स हा दोघींचा बाप, असे मॅडिसनने सांगितले होते. त्यावर या चाचणीला काही बोलता येत नाही. गोऱ्या समाजात मिसळून गेलेल्या हॅरिएट या सॅलीच्या मुलीची शाखाही तिच्या कक्षेबाहेर राहते. आणि ज्याने १८७३ मध्ये तोंड उघडले त्या मॅडिसनच्या पुत्रशाखेतील कोणी हयात वंशज ज्ञात नाही. त्याच्या एका मुलाची कबर कुठे आहे ते माहीत आहे. ती उकरू द्यायला कुटुंबीयांनी नकार दिला.