नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी कमवू नये काय?

शिकता शिकता रुग्णालयात पार्ट टाइम काम करणाऱ्या नर्सिंगच्या मुलामुलींबद्दल आपल्याकडे एक मत जवळजवळ ठरून गेलं आहे. अभ्यास बुडतो, तब्येत ढासळते, अर्धवट शिकलेल्या हातांमुळे रुग्णाचा जीव धोक्यात येतो. म्हणून शिक्षण पुरं होईपर्यंत नोकरीवर बंदीच हवी. प्राचार्य हे सांगतात आणि पालकांनाही पटतं. हा पूर्वपक्ष दुबळा नाही. त्यातली रुग्णाची काळजी खरी आहे. पण त्यावरून काढलेला बंदीचा निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही.

शिक्षण वर्गात होतं आणि काम हे त्याला लागलेलं विघ्न, असं हे मत धरून चालतं. नर्सिंगमध्ये असं कधीच नव्हतं. 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाच्या निधीतून शाळा निघाली, तेव्हा शिकाऊ परिचारिकांना राहणं, जेवण, गणवेश आणि वर्षाला 10 पौंड मिळत, आणि त्या वॉर्डात राबतच शिकत. आज आपल्याकडची जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगची विद्यार्थिनी पोस्टिंगवर काय करते? बेडमेकिंग, टीपीआर (ताप, नाडी आणि श्वास मोजणं), स्पंजिंग, रुग्णाची कूस बदलणं, इनटेक-आउटपुटची नोंद. ज्या वॉर्डात एकट्या सिस्टरला सगळ्या खाटांपर्यंत पोचता येत नाही, तिथे ही मुलं आली नाहीत तर सकाळची कामं दुपारपर्यंत उरकत नाहीत. इन्चार्ज सिस्टरला हे पक्कं ठाऊक असतं. तेव्हा विद्यार्थ्याने काम करण्याला कोणाचीच हरकत नाही. त्याने कामाचे पैसे घेतले की हरकत सुरू होते.

यावर जाणकार 1923 चा गोल्डमार्क अहवाल पुढे करतील. अमेरिकेतल्या रुग्णालयांनी नर्सिंगच्या शाळा स्वस्तातलं मनुष्यबळ म्हणून वापरल्या आणि शिक्षण मागे पडलं, हे त्या अहवालाने दाखवून दिलं. ब्रिटननेही 1980 च्या दशकाच्या अखेरीस ‘प्रोजेक्ट 2000’ आणून विद्यार्थ्यांना रुग्णालयाच्या मनुष्यबळातून वगळलं आणि पगाराच्या जागी विद्यावेतन दिलं. हा युक्तिवाद वजनदार आहे, पण तो अर्ध्यावर सोडता येत नाही. 2017 मध्ये इंग्लंडने नव्या विद्यार्थ्यांचं विद्यावेतन बंद केलं. 4600 तासांचं शिक्षण, त्यातले निम्मे तास प्रत्यक्ष कामाचे, आणि डोक्यावर कर्ज. शेवटी 2020 पासून वर्षाला किमान 5000 पौंडांचं अनुदान सुरू करावं लागलं. तरीही तिथले विद्यार्थी आरोग्य सहायक म्हणून पाळ्या करतात. मात्र त्या उघडपणे करतात. सहायक म्हणून आलेली विद्यार्थिनी त्या पाळीपुरती सहायकच असते. नोंदणीकृत परिचारिकेची जबाबदारी तिच्यावर येत नाही आणि ते तास अभ्यासक्रमातही धरले जात नाहीत.

जर्मनीची वाट वेगळी आहे. 1 जानेवारी 2020 पासून लागू झालेल्या कायद्यानुसार तिथल्या शिक्षणात किमान 2100 तास वर्गात, 2500 तास प्रत्यक्ष कामात जातात आणि शिकत असतानाच पगार मिळतो. त्याच जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी महाराष्ट्राने 2024 मध्ये कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तिकडचं कमावत शिकणं आपल्याला कौतुकाचं वाटतं आणि इकडचं शिस्तभंगाचं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’चा वारसा सांगणाऱ्या राज्यात हे व्हावं, याचं मला दुःख होतं.

आता रुग्णाच्या जिवाचा मुद्दा. 1966 च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली नोंदणी झाल्याशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही, आणि तेच योग्य आहे. पण लहानसं खासगी रुग्णालय दुसऱ्या वर्षाच्या मुलीला रात्रपाळीला घेतं, स्टाफचा गणवेश चढवतं आणि अख्खा मजला तिच्या भरवशावर सोडतं, तेव्हा काय होतं? रजिस्टरमध्ये तिचं नाव नसतं. वरिष्ठ सिस्टर हाकेच्या अंतरावर नसते. जे इंजेक्शन आपण द्यायचं नाही हे तिला कळतं, त्यालाही ती नाही म्हणू शकत नाही, कारण कागदोपत्री ती तिथे नसतेच. सकाळी ट्यूटरपुढे डोळे मिटू लागले तरी कारण सांगता येत नाही. इथला धोका लपवाछपवीतून येतो, आणि बंदीने लपवाछपवीच वाढते. पकडली जाते ती मुलगी. रुग्णालय दुसरी शोधतं. शिष्यवृत्ती वर्ष सरताना येते, मेसचं बिल मात्र दर महिन्याला. शेतमजुराच्या मुलीने या दोन्हींचा मेळ कसा घालायचा, ते बंदीवाल्यांनी एकदा सांगावं.

झोपेबद्दलचा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. रात्रभर जागून सकाळी औषधाची मात्रा मोजणारा हात चुकतोच. 1984 मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन ही 18 वर्षांची मुलगी दगावली आणि शिकाऊ डॉक्टरांच्या अखंड ड्युट्यांवर मोठा वाद उठला. 1989 मध्ये त्या राज्याने निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला 80 तासांची मर्यादा घातली. शिकणाऱ्यांना वॉर्डातून हाकललं नाही, तास बांधून दिले.

आपल्याकडेही तेच करता येईल. विद्यार्थी सहायक असं वेगळं पद असावं आणि पहिल्या वर्षात कोणालाही ते देऊ नये. आठवड्याला जास्तीत जास्त 16 तास. दुसऱ्या दिवशी वर्ग किंवा पोस्टिंग असेल तर रात्रपाळी नाही. कोणती कामं करायची आणि कोणती नाहीत, याची लेखी यादी वॉर्डात लावलेली असावी. पाळीवर नोंदणीकृत सिस्टर हजर हवी, पगार थेट बँकेत जावा आणि महिन्याचा तक्ता महाविद्यालयाकडे यावा. मुलगी थकलेली दिसली तर ट्यूटरला तिचं काम थांबवण्याचा अधिकार हवा. यांतल्या एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही.

महाराष्ट्र परिचर्या परिषदेने अशी नियमावली करावी. तोवर प्राचार्यांना एवढीच विनंती: लपून रात्रपाळी करणाऱ्या मुलीला नोटीस देण्याआधी, तिला कामावर ठेवणाऱ्या रुग्णालयाला जाब विचारा.