बेबी बूमर पिढीचे लोकप्रिय गायक

दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत जन्माचे प्रमाण एकाएकी वाढले आणि ही वाढ जवळजवळ दोन दशके टिकली. १९४६ ते १९६४ या काळात तिथे सु. ७.६ कोटी मुले जन्मली. या पिढीला ‘बेबी बूमर’ हे नाव पडले. तिच्या लोकप्रिय गायकांचा विचार दोन गटांत करावा लागतो. पहिला गट या मुलांनी वाढत्या वयात ऐकलेल्या गायकांचा. एल्व्हिस प्रेस्ली, बीटल्स, बॉब डिलन, अरीथा फ्रँकलिन ही नावे बूमरांची म्हणून सर्रास सांगितली जातात. पण यांतले कोणीही १९४६ नंतर जन्मलेले नाही. दुसरा गट याच पिढीत जन्मून पुढे गाऊ लागलेल्यांचा. स्टीव्ही वंडर, एल्टन जॉन, ब्रूस स्प्रिंगस्टीन, मायकेल जॅक्सन, मॅडोना हे या गटातले. पहिल्या गटाचा भर ओसरत असताना, म्हणजे १९७० च्या सुमारास, दुसरा गट पुढे आला.

श्रोते आणि साधने : १९४५ मध्ये अमेरिकेत सु. २८ लाख मुले जन्मली होती. १९५७ मध्ये हा आकडा ४३ लाखांच्या घरात गेला. त्यामुळे साठच्या दशकात किशोरवयीनांची संख्या पूर्वी कधी नव्हती एवढी वाढली. युद्धोत्तर भरभराटीमुळे त्यांच्या हातात थोडाफार खर्चाचा पैसाही होता. आरसीए व्हिक्टर कंपनीने १९४९ मध्ये सात इंची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी ध्वनिमुद्रिका बाजारात आणली. एका बाजूला एक गाणे असलेली ही स्वस्त तबकडी मुलांना परवडत असे. १९५४ मध्ये रीजन्सी टीआर-१ हा खिशात मावणारा ट्रान्झिस्टर आला आणि दिवाणखान्यातल्या मोठ्या रेडिओसमोर वडीलधाऱ्यांबरोबर बसून ऐकण्याची सक्ती संपली. ठरावीक चाळीस गाणी आळीपाळीने वाजवणारी ‘टॉप फॉर्टी’ रेडिओ केंद्रे, ऑगस्ट १९५७ पासून देशभर दिसू लागलेला डिक क्लार्कचा ‘अमेरिकन बँडस्टँड’ हा दूरचित्रवाणी कार्यक्रम आणि ४ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झालेली बिलबोर्ड साप्ताहिकाची ‘हॉट १००’ यादी यांनी ‘हिट’ गाण्याला मोजमाप दिले. या नोंदीत ‘पहिला क्रमांक’ असे जिथे म्हटले आहे, तिथे वेगळा उल्लेख नसल्यास बिलबोर्डची मुख्य यादी अभिप्रेत आहे.

रॉक अँड रोल : कृष्णवर्णीयांचे ऱ्हिदम अँड ब्लूज आणि गोऱ्या ग्रामीण भागातले कंट्री संगीत यांच्या मिलाफातून रॉक अँड रोल घडले. ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ या चित्रपटात वाजलेले बिल हेली याचे ‘रॉक अराउंड द क्लॉक’ १९५५ मध्ये आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. एल्व्हिस प्रेस्ली (१९३५–७७) याने मेंफिसच्या सन रेकॉर्ड्समध्ये जुलै १९५४ मध्ये ‘दॅट्स ऑल राइट’ मुद्रित केले. १९५६ मधील ‘हार्टब्रेक हॉटेल’ आणि ‘हाउंड डॉग’ यांनी तो देशभर पोहोचला. त्याचे कमरेचे झटके पालकांना असभ्य वाटत. जानेवारी १९५७ मध्ये ‘एड सलिव्हन शो’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या कॅमेऱ्याने त्याला फक्त कमरेपासून वर दाखवले.

प्रेस्लीने गाजवलेले ‘हाउंड डॉग’ मुळात बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेचे. तिच्या मुद्रणाने १९५३ मध्ये ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिला क्रमांक मिळवला होता. परंतु ही यादी वेगळी आणि तिचा बाजारही वेगळा. लिटल रिचर्ड (१९३२–२०२०) याचे ‘टूटी फ्रूटी’ आणि चक बेरी (१९२६–२०१७) याचे ‘जॉनी बी. गूड’ (१९५८) यांनी ही भिंत काही प्रमाणात ओलांडली. बेरीने आपल्या गीतांत शाळा, मोटारी आणि पोरवयातली प्रेमे हेच विषय घेतले. मध्यमवयीन प्रौढांसाठी लिहिल्या जाणाऱ्या तोवरच्या गीतांत ते जवळजवळ नव्हतेच. ३ फेब्रुवारी १९५९ रोजी आयोवा राज्यात झालेल्या विमान अपघातात बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि जे. पी. रिचर्डसन हे तिघे गायक दगावले. प्रेस्लीही १९५८ ते १९६० सैन्यात होता. या सर्वांमुळे पहिल्या लाटेचा जोर मंदावला.

ब्रिटिश बँड : ९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्स ‘एड सलिव्हन शो’मध्ये आले, तेव्हा सु. ७.३ कोटी लोकांनी तो कार्यक्रम पाहिला. त्या वेळी सर्वांत थोरले बूमर अठरा वर्षांचे होत होते. ‘आय वाँट टू होल्ड युअर हँड’ हे बीटल्सचे अमेरिकेतले पहिले अव्वल गाणे. ४ एप्रिल १९६४ च्या यादीत पहिली पाचही गाणी बीटल्सचीच होती. रोलिंग स्टोन्स या बँडने १९६५ मध्ये ‘सॅटिस्फॅक्शन’द्वारे पहिला क्रमांक गाठला. बेरी, रिचर्ड आणि शिकागोचे ब्लूज गायक यांच्या तबकड्या ऐकून ही इंग्रज मुले शिकली होती. त्यामुळे अमेरिकेचेच संगीत समुद्रापलीकडून तिच्या गोऱ्या किशोरांकडे परत आले.

मोटाउन आणि सोल : बेरी गॉर्डी याने जानेवारी १९५९ मध्ये कुटुंबाकडून ८०० डॉलर कर्ज घेऊन डेट्रॉइटमध्ये ध्वनिमुद्रण कंपनी काढली, तीच पुढे मोटाउन म्हणून प्रसिद्ध झाली. गॉर्डीने पूर्वी मोटारींच्या कारखान्यात जुळणी-साखळीवर काम केले होते. तीच शिस्त त्याने गाण्यांना लावली. हॉलंड–डोझियर–हॉलंड ही गीत-संगीतकार त्रयी, ‘फंक ब्रदर्स’ हा ठरलेला वादकसंच, तयार गाण्यांची पारख करणारी साप्ताहिक बैठक आणि गायकांना वागण्याबोलण्याचे धडे अशी सारी व्यवस्था एकाच छताखाली होती. डायना रॉसच्या ‘सुप्रीम्स’ची १९६४–६५ मध्ये सलग पाच गाणी पहिल्या क्रमांकावर गेली, ‘बेबी लव्ह’ आणि ‘स्टॉप! इन द नेम ऑफ लव्ह’ ही त्यांपैकी दोन. टेंप्टेशन्सचे ‘माय गर्ल’ (१९६५) आणि मार्विन गे (१९३९–८४) याचे ‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन’ (१९६८) हीही तितकीच गाजली. गेने १९७१ मध्ये ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या ध्वनिमुद्रिकेत युद्ध, दारिद्र्य व प्रदूषण हे विषय आणले.

मोटाउनबाहेर अरीथा फ्रँकलिन (१९४२–२०१८) हिचे ‘रिस्पेक्ट’ १९६७ मध्ये अव्वल ठरले. गाणे ओटिस रेडिंगचे, पुरुषाच्या तोंडचे. फ्रँकलिनने ते स्त्रीच्या तोंडी दिले, मांडणी बदलली आणि नागरी हक्क व स्त्रीमुक्ती या दोन्ही चळवळींनी ते आपलेसे केले.

निषेधाची गाणी : बॉब डिलन (१९४१– ) याचे ‘ब्लोइन इन द विंड’ १९६३ मध्ये पीटर, पॉल अँड मेरी या त्रयीने घरोघरी पोहोचवले. जुलै १९६५ मध्ये न्यूपोर्टच्या फोक महोत्सवात डिलन विजेवरची गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हा श्रोत्यांतल्या काहींनी त्याची हुर्यो उडवली. त्याच वर्षीचे सहा मिनिटांहून मोठे ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले आणि तीन मिनिटांचे गाणेच रेडिओवर चालते हा समज मोडला. सायमन आणि गारफंकेल यांचे ‘द साउंड ऑफ सायलन्स’ जानेवारी १९६६ मध्ये पहिले आले.

व्हिएतनाम युद्धासाठी सक्तीची सैन्यभरती सुरू असल्याने या गाण्यांचा संबंध श्रोत्यांच्या जिवाशीच होता. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलचे ‘फॉर्च्युनेट सन’ (१९६९) श्रीमंतांची मुले भरतीतून कशी सुटतात यावर बोट ठेवते. ४ मे १९७० रोजी केंट स्टेट विद्यापीठात युद्धविरोधी निदर्शनांच्या वेळी नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी ठार झाले. त्यावरचे क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश अँड यंग यांचे ‘ओहायो’ काही आठवड्यांतच बाजारात आले. ऑगस्ट १९६९ मधल्या वुडस्टॉक महोत्सवाला चार लाखांहून अधिक तरुण जमले. तिथे गायलेले जिमी हेंड्रिक्स आणि जॅनिस जॉप्लिन १९७० मध्ये, तर ‘डोअर्स’चा जिम मॉरिसन १९७१ मध्ये मरण पावला. तिघांचेही वय २७ होते. जॉप्लिनचे ‘मी अँड बॉबी मगी’ तिच्या मृत्यूनंतर पहिल्या क्रमांकावर गेले.

पिढीतले गायक, १९७० नंतर : स्टीव्ही वंडर (१९५०– ) हा या गटात फार लवकर उजेडात आलेला. ‘फिंगरटिप्स’ पहिल्या क्रमांकावर गेले तेव्हा, म्हणजे ऑगस्ट १९६३ मध्ये, तो १३ वर्षांचा होता. पुढे ‘सुपरस्टिशन’सारख्या गाण्यांत लेखन, गायन आणि बहुतेक वादन त्याचेच असे. श्रोते तिशीकडे झुकले तशी गाणीही आत्मपर झाली. कॅरोल किंग (१९४२– ) ही गीतकार आधीच्या पिढीतली. तिची ‘टॅपेस्ट्री’ (१९७१) ध्वनिमुद्रिका १५ आठवडे अव्वल राहिली. त्याच ध्वनिमुद्रिकेतले ‘यूव्ह गॉट अ फ्रेंड’ जेम्स टेलर (१९४८– ) याने गाऊन पहिल्या क्रमांकावर नेले. कॅरन कार्पेंटर (१९५०–८३) हिचा खालच्या पट्टीतला शांत आवाज, इंग्लंडच्या एल्टन जॉनचे (१९४७– ) ‘युअर साँग’ आणि बिली जोएलचे (१९४९– ) ‘पियानो मॅन’ ही याच काळातली. डिस्कोच्या लाटेत बीजीज बंधूंचे ‘स्टेइंग अलाइव्ह’ आणि डोना समर (१९४८–२०१२) हिचे जवळजवळ संपूर्णपणे सिंथेसायझरवर रचलेले ‘आय फील लव्ह’ (१९७७) गाजले.

ब्रूस स्प्रिंगस्टीन (१९४९– ) याने कामगारवस्तीतल्या तरुणांची कथा सांगितली. त्याचे ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ (१९८४) हे व्हिएतनामहून परतून उपेक्षेत पडलेल्या सैनिकाचे गाणे. दणदणीत ध्रुवपदामुळे अनेकांनी ते देशगौरवाचे मानले. बिली जोएलने ‘वी डिडन्ट स्टार्ट द फायर’ (१९८९) मध्ये आपल्या जन्मवर्षापासूनच्या घटनांची जंत्रीच रचली.

या पिढीची दोन टोके एका गाण्यात भेटतात. डॉली पार्टन (१९४६– ) हिने ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ लिहिले आणि १९७४ मध्ये ते कंट्री यादीत पहिले आले. व्हिटनी ह्यूस्टन (१९६३–२०१२) हिने १९९२ मध्ये ‘द बॉडीगार्ड’ चित्रपटासाठी तेच गायले आणि ते १४ आठवडे अव्वल राहिले. पार्टनचे गाणे संयत निरोपाचे. ह्यूस्टनने चर्चमधल्या गॉस्पेल गायकीचा पल्ला त्याला दिला.

दूरचित्रवाणीचे गायक : मायकेल जॅक्सन (मृ. २००९), प्रिन्स (मृ. २०१६) आणि मॅडोना हे तिघेही १९५८ मध्ये जन्मले. १ ऑगस्ट १९८१ रोजी गाण्यांच्या चित्रफिती दाखवणारी एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली, तेव्हा तिघेही तेवीस वर्षांच्या आसपास होते. गाणे दिसलेही पाहिजे, ही नवी गरज त्यांनी सर्वांत नेमकी ओळखली. जॅक्सनने भावांबरोबर ‘जॅक्सन फाइव्ह’मध्ये गाताना १९७० मध्येच सलग चार गाणी पहिल्या क्रमांकावर नेली होती. ‘थ्रिलर’ (१९८२) ही जगात सर्वाधिक खपलेली ध्वनिमुद्रिका मानली जाते. ‘बिली जीन’ व ‘बीट इट’ तिच्यातली. प्रिन्सचे ‘व्हेन डव्ह्ज क्राय’ आणि मॅडोनाचे ‘लाइक अ व्हर्जिन’ ही दोन्ही १९८४ ची. या सुमाराचे बरेचसे श्रोते मात्र बूमरांच्या पुढच्या पिढीतले होते.

भारताशी संबंध : ‘क्वीन’ बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी (१९४६–९१) हा मूळचा फारुख बलसारा. झांझिबारला पारशी कुटुंबात जन्मलेला हा मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि ‘हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवत असे. त्याचे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ (१९७५) ब्रिटनमध्ये नऊ आठवडे अव्वल राहिले. बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनने जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत भारतीय वादकांना घेऊन मुद्रण केले. बीटल्सच्या ‘द इनर लाइट’चा वाद्यमेळ त्यातलाच. सतारवादक रविशंकर १९६७ मध्ये माँटेरे आणि १९६९ मध्ये वुडस्टॉक येथील महोत्सवांत वाजवून गेले. १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर पाठवलेल्या सोनेरी तबकडीवर चक बेरीचे ‘जॉनी बी. गूड’ आहे आणि गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. मायकेल जॅक्सनचा भारतातला कार्यक्रम १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात झाला. त्यामागे शिव उद्योग सेनेचा पुढाकार होता.

मूल्यमापन : या गायकांचे यश केवळ प्रतिभेने मिळालेले नाही. एकाच वयाचे एवढे ग्राहक, स्वस्त तबकडी आणि खिशातला रेडिओ एकाच वेळी जुळून आले. पुढे हीच पिढी निर्माते, संपादक, वाहिन्यांचे चालक या जागांवर बसली आणि तिने आपल्या तारुण्यातल्या गाण्यांना अभिजाताचा मान दिला. जुनी गाणी वाजवणारी रेडिओ केंद्रे, चित्रपटांतून त्यांचा होणारा वापर आणि १९९५ मध्ये क्लीव्हलंड येथे उघडलेले ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’चे संग्रहालय ही त्याची उदाहरणे. या गौरवात थॉर्नटनसारख्या मूळ गायिका दीर्घकाळ बाजूला राहिल्या आणि नंतरच्या हिप-हॉपसारख्या प्रकारांना मान्यता मिळायला वेळ लागला. गाण्यांचे बाजारमूल्य मात्र घटलेले नाही. डिलनने २०२० मध्ये आपल्या गीतांचे हक्क युनिव्हर्सलला आणि स्प्रिंगस्टीनने २०२१ मध्ये गीते व ध्वनिमुद्रणे सोनीला विकली. बूमर पिढीने वाढवलेली मागणी पुढेही टिकेल, या अंदाजावरच हे व्यवहार झाले आहेत.