चलच्चित्र-कॅमेरा, कोल्हापूरचा
जुन्या यंत्राची जोडणी व दुरुस्ती यांतून मिळविलेल्या ज्ञानावर कोल्हापूर येथे १९१८ मध्ये तयार झालेला चित्रपट-चित्रणाचा कॅमेरा. बाबूराव पेंटर (३ जून १८९०–१६ जानेवारी १९५४) व त्यांचे शिष्य विष्णुपंत गोविंद दामले यांनी तो सिद्ध केला.

ल्यूम्येअर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला. त्यांच्या एकाच यंत्राने चित्रण, मुद्रण व प्रक्षेपण अशी तिन्ही कामे होत. पुढे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवून १८९९ मध्ये मुंबईत कुस्तीचे चित्रण केले. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा आणला. कोऱ्या फिल्मपट्टीला छिद्रे पाडण्याचे काम त्यांच्या घरीच चाले व त्यात सरस्वतीबाई फाळके यांचा मोठा वाटा असे. तथापि मूळ यंत्र परदेशीच होते. ते नादुरुस्त झाल्यास निर्मात्याचा कारखाना समुद्रापलीकडे असे. त्यामुळे यंत्र स्वतः खोलून पाहणे हे चित्रपटनिर्मात्याच्या दृष्टीने हौसेचे नव्हे, तर गरजेचे काम होते.

आनंदराव व बाबूराव पेंटर हे नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविणारे नामांकित चित्रकार होते. फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटानंतर त्यांना या नव्या कलेचा ध्यास लागला. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक प्रक्षेपक विकत घेतला, चित्रपटांचे खेळ केले आणि त्याबरोबर यंत्राच्या रचनेचाही अभ्यास केला. कॅमेरा बनविण्याचा प्रयत्न चालू असतानाच १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. अपुरे राहिलेले काम बाबूराव व दामले यांनी दोन वर्षांनी पुरे केले.

प्रक्षेपकावरून कॅमेऱ्याकडे जाणे शक्य झाले, याचे कारण दोहोंचे मूळ तत्त्व एकच आहे. दोन्ही यंत्रांत फिल्मपट्टी सलग न सरकता क्षणभर थांबते आणि मग एक चित्रचौकट पुढे सरकते. कॅमेऱ्यात पट्टी स्थिर असताना शटर उघडते व ती सरकत असताना मिटते. ३५ मिमी. पट्टीवर प्रत्येक चौकटीस चार छिद्रे असतात. मूकपटाच्या काळी हाताने दांडा फिरवून सेकंदाला सु. १६ चौकटी घेत. मात्र कॅमेऱ्याची पेटी पूर्णतः प्रकाशबंद असावी लागते आणि पट्टी ओढणाऱ्या यंत्रणेत नेमकेपणा लागतो. सु. २५ मिमी. रुंदीची चौकट पडद्यावर ४ मी. रुंद दिसते, म्हणजे ती १६० पट वाढते. साहजिकच यंत्रातील ०.१ मिमी. ची चूक पडद्यावर १६ मिमी. होते व चित्र थरथरते. पट्टीच्या मार्गात अडकलेल्या कणाने तिच्यावर उभे ओरखडे उठतात. पेटीच्या फटीतून शिरलेल्या प्रकाशाने पट्टी धूसर होते. म्हणून पट्टीचा लहान तुकडा फिरवून व धुऊन पाहणे, ही अशा कॅमेऱ्याची खरी परीक्षा असते. दोष कसा दिसतो यावरून तो कोठे आहे, हे जाणकारास कळते.

बाबूरावांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ (१९२०) हा मूकपट या कॅमेऱ्यावर चित्रित झाला. दामले, साहेबमामा फत्तेलाल व व्ही. शांताराम हे याच कंपनीत घडले. १९२९ मध्ये ते प्रभात फिल्म कंपनीचे संस्थापक झाले आणि बोलपट आल्यावर दामले यांनी ध्वनिमुद्रणाचे तंत्रही आत्मसात केले. एका जुन्या प्रक्षेपकापासून सुरू झालेले हे शिक्षण अशा रीतीने मराठी चित्रपटसृष्टीची परंपरा बनले.

एकविसाव्या शतकात अंकीय चित्रणामुळे फिल्मचे कॅमेरे मागे पडले. त्यांचे सुटे भाग दुर्मिळ झाले आणि ते हाताने घडविणारे कारागीरही कमी झाले. कोल्हापूरच्या खरी कॉर्नर भागातील कॅमेऱ्याचा स्मृतिस्तंभ त्या उद्योगाची आठवण देतो. परंतु बंद पडलेले यंत्र खोलून पुन्हा चालते करण्याची विद्या स्तंभाने टिकत नाही. ती हातातून हातातच जावी लागते.