दल सरोवराचा पहाटबाजार : जमीन म्हणजे काय?

शेत चोरीला जाऊ शकतं का? बांध कोरतात, उभं पीक कापून नेतात, हे आपण ऐकलेलं असतं. पण अख्खं शेतच रात्रीतून नाहीसं झालं तर? श्रीनगरच्या दल सरोवरात असं घडत असे. वॉल्टर लॉरेन्स हा इंग्रज अधिकारी १८८९ पासून काश्मीर संस्थानात महसूल बंदोबस्ताचं काम पाहत होता. १८९५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने हे नोंदवून ठेवलं आहे.

या तरंगत्या शेताला तिथे ‘राध’ म्हणतात. पाणगवताच्या सुमारे सहा फूट रुंदीच्या लांबलचक पट्ट्या, चार कोपऱ्यांना खांब रोवून अडकवलेल्या. त्यांवर पाणवनस्पती आणि चिखल यांचे ढीग घालायचे आणि त्यांत काकडी, टोमॅटो, खरबूज लावायचं. खांब उपसले की शेत नावेमागे ओढून नेता येतं! आता बघा, आपला सातबारा गृहीत धरतो की जमीन जागची हलत नाही. मालकीची आपली सगळी कल्पनाच या गृहीतकावर उभी आहे. दलचा शेतकरी मात्र पिढ्यानपिढ्या त्या गृहीतकावाचून शेती करत आला.

बाजारही मग पाण्यावरच भरणार, नाही का? आम्ही तिथे पोचलो तेव्हा पुरतं उजाडलंही नव्हतं. अरुंद नावांच्या टोकाला उकिडवे बसलेले शेतकरी एका हाताने शेजारच्या नावेचा काठ धरून भाव करत होते. हाक नावाची पालेभाजी, नवलकोल, भोपळे आणि ‘नदरू’, म्हणजे आपली कमळकाकडी. माल या नावेतून त्या नावेत जायचा. ऊन वर आलं तशा नावा पांगल्या. मागे उरलं नुसतं पाणी.

हा माल एके काळी नावेनेच शहराच्या पोटात शिरू शकत असे. पंधराव्या शतकात सुलतान झैन-उल-आबिदीनच्या काळात काढलेला मार कालवा त्यासाठी होता. १९७०च्या दशकात तो बुजवून त्यावर रस्ता केला गेला. शहराने पाण्याकडे पाठ फिरवली, ती अशी.

आज प्रश्न अधिक अवघड आहे. सरोवर आक्रसतंय. त्याचा दोष शेतकऱ्यांवरही येतो, आणि तो सगळाच खोटा नाही. गाळ आणि पाणवनस्पती टाकून काठाने केलेली ‘डेंब’ जमीन पाण्याची जागा खातेच. पण शहराचं सांडपाणीही याच पाण्यात येतं, हे विसरून कसं चालेल? सरोवरातल्या कुटुंबांना हलवून राख-ए-अर्थ इथे वसवण्याची योजना सरकारने आखली. घराच्या बदल्यात घर देता येतं हो, पण नाव चालवणाऱ्या हाताला, चिखलाचा अंदाज असणाऱ्या नजरेला बदली काय देणार?

आम्हाला वाटतं, सरोवर वाचवायचं म्हणजे नुसतं पाणी वाचवायचं, असं मानण्यात गफलत आहे. शेतीवर मर्यादा जरूर घाला, पण ती शेतकऱ्याला सोबत घेऊन. तो उठून गेला तर पहाटे तिथे नावा दिसतीलही, पण त्या पर्यटकांना फिरवणाऱ्या असतील. बाजार नसेल.