बरणीतला बर्फ

नगरच्या उन्हात बर्फ कुठला पडायला! पण बरणीत तो पाडता येतो. व्हिएन्नाचा एर्विन पेर्झी शस्त्रक्रियेच्या दिव्याचा उजेड वाढवू पाहत होता. पाणी भरलेल्या काचगोलात त्याने रवा टाकला. तो बर्फासारखा भुरभुरत खाली बसला. १९०० च्या सुमारास अशा खटपटीतून त्याचा हिमगोल तयार झाला.

घरी रवा नासेल, म्हणून पाण्यात थोडे ग्लिसरीन आणि चमकी घाला. झाकणाला आतून छोटी प्रतिकृती चिकटवा, झाकण घट्ट लावा आणि बरणी उलटी करा.

प्रतिकृती शाहडोंगरावरच्या अष्टकोनी, तीन मजली वास्तूची करा. मात्र चिठ्ठीवर ‘चांदबीबी महाल’ लिहू नका. ती निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. लोकांच्या तोंडी चांदबीबी राहिली, वजीर मागे पडला. बरणीवर तरी त्याचे नाव राहू द्या.