गाण्याच्या शेवटचे नाव

आपल्याकडे गाणे संपता संपता आपले नाव सांगण्याची रीत फार जुनी आहे. नामदेव, जनाबाई, चोखोबा, एकनाथ, तुकोबा, यांपैकी कुणाचाही अभंग घ्या. शेवटच्या चरणात त्यांचे नाव सापडणारच. शाहिरांनीही तेच केले. या रीतीला नाममुद्रा म्हणतात. वरवर पाहता ती कवीची हौस वाटेल. पण तिच्यामागे मोठे व्यवहारज्ञान होते. छापखाना नव्हता, हक्क नोंदवणारी कचेरी नव्हती. गाणे एका मुखातून दुसऱ्या मुखात, एका गावातून दुसऱ्या गावात जायचे. अशा प्रवासात वस्तू हरवू नये म्हणून आपण जशी पदराला गाठ मारतो, तशी या मंडळींनी गाण्याच्या पदराला आपल्या नावाची गाठ मारली. नाव काढू गेले तर चरण मोडतो, म्हणून ते टिकले. चोखोबांना देवळाच्या पायरीपलीकडे जाऊ दिले नाही; पण त्यांचे नाव मात्र अभंगाबरोबर थेट गाभाऱ्यापर्यंत गेले. ते या गाठीमुळेच.

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान चालू असताना घराघरांतून गाणी ऐकू येतात. ती कुणी गायिली, हे घरातील लहान मूलही सांगते. चाल कुणाची, हे थोडे थांबून कुणी वडीलधारे सांगतात. पण शब्द कुणाचे, असे विचारले तर बहुतेक घरांत शांतता पसरते. ही शांतता कशी आली, हे पाहू गेले म्हणजे गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या लोकप्रिय संगीताचा इतिहास डोळ्यांपुढे उभा राहतो.

त्याचा आरंभ कलकत्त्याला झाला. १९०२ सालच्या नोव्हेंबर महिन्यात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग नावाचा माणूस यंत्रे घेऊन तेथे आला आणि त्याने गौहर जान या विख्यात गायिकेचे गाणे मुद्रित केले. कर्ण्यात तोंड घालून, सारा आवाज एकवटून गायचे, आणि तेही जेमतेम तीन मिनिटे! गाणे संपताच गौहर जानने आपले नाव इंग्रजीत मोठ्याने उच्चारले. जुन्या तबकड्या ऐकणाऱ्यांना या उच्चाराची मोठी गंमत वाटते. त्याचे कारण मात्र अगदी रुक्ष होते. मुद्रित झालेले साचे तबकड्या काढण्यासाठी जर्मनीत हॅनोव्हरला जात. तेथील कारागिरांना ना आपली भाषा कळे, ना राग. कोणत्या तबकडीवर कोणाचे नाव चिकटवायचे, हे त्यांना समजावे म्हणून गाणारानेच ते सांगून टाकायचे. तुकोबांची गरज आणि कारखान्याची गरज, दोन्हींचे उत्तर एकच निघाले!

१९०८ पासून तबकड्या कलकत्त्यातच निघू लागल्या आणि ही नाव सांगण्याची चाल हळूहळू मागे पडली. आता नाव कागदाच्या गोल चकतीवर छापले जाई. तबकडीसाठी लागणारी लाख आपल्याच रानांतली, बांगड्यांना लागते तीच. पण ती तबकडी एकदा फिरू लागली की चकतीवरची अक्षरे कोण वाचणार? शिवाय त्या इवल्याशा जागेत गाणाऱ्याचे नाव ठळक असे, नाटकाचे किंवा रागाचे नाव त्याखाली असे. कवीला जागा मिळालीच तर ती कोपऱ्यात. नाममुद्रा गाण्यातून निघून कागदावर गेली आणि तिथेच तिचा पाय घसरला.

तबकडीने आपले उपकारही पुष्कळ केले आहेत. जे संगीत राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यात किंवा शहरांतील नाटकगृहांत अडकले होते, ते तिने आडगावच्या वाड्यापर्यंत नेले. १९११ साली रंगभूमीवर आलेल्या खाडिलकरांच्या 'मानापमाना'ला गोविंदराव टेंबे यांनी दिलेल्या ठुमरी-कजरीच्या ढंगाच्या चाली, आणि १९१६ च्या 'स्वयंवरा'तील भास्करबुवा बखले यांच्या रागदार चाली नाटक न पाहिलेल्या माणसांनाही पाठ झाल्या. तीन मिनिटांच्या त्या बंधनातून एक नवा प्रकारही जन्मला. १९३० नंतरच्या काही वर्षांत नागपूरचे जी. एन. जोशी यांनी मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता तबकडीवर गायिली आणि भावगीताचे युग सुरू झाले. दोन-तीन कडव्यांची, एकाच भावनेभोवती फिरणारी कविता तीन मिनिटांत नेमकी बसे. पुढे जोशी त्या तबकडीच्या कंपनीतच अधिकारी झाले आणि असंख्य कलावंतांचा आवाज त्यांनी जतन करून ठेवला.

आता आपल्या नाशिककडे वळू. या गावाला संगीताच्या इतिहासात जी जागा आहे, ती पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्यामुळे. कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेल्या, लहानपणी दारूकामाच्या अपघाताने दृष्टी अधू झालेल्या या पुरुषाने मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विद्या घेतली आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. तिकीट लावून सर्वांना खुली बैठक करण्याची प्रथा पाडण्याचे श्रेयही त्यांना देतात. आज आपण गायकांच्या दौऱ्यांच्या जाहिराती पाहतो, त्या प्रथेचे मूळ इथे आहे. तिकीट म्हणजे निव्वळ पैसा नव्हे. ज्याच्या खिशात तिकीट, त्याला बसायला जागा; आणि गाणारा कुणाचा आश्रित नाही, असा दुहेरी अर्थ त्यात होता. उत्तरायुष्यात पंडितजींनी पंचवटीत रामनाम आधार आश्रम स्थापला आणि मैफलीपेक्षा रामनामातच ते अधिक रमले. १९३१ च्या ऑगस्टमध्ये मिरजेला त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र दत्तात्रेय विष्णु, म्हणजे रसिकांचे बापूराव, यांचा निर्मळ आवाज १९५२ च्या 'बैजू बावरा' चित्रपटामुळे देशभर पोहोचला. परंतु १९५५ च्या ऑक्टोबरमध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षीच ते गेले.

याच पंचवटीत, याच काळात दुसरे एक गाणे तयार होत होते. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो १९३५ पर्यंत चालला. एकाच गावात एकीकडे रामनामाचा घोष, आणि दुसरीकडे रामाच्याच दारात हजारो माणसे अडवलेली! या चळवळीचा निरोप खेड्यापाड्यांत नेला तो जलशांनी. नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी तमाशाचाच बाज घेतला. पण गवळण वगळली आणि तिच्या जागी शिक्षणाचा, स्वाभिमानाचा संवाद घातला. त्यांचे दौरे पायी, बैलगाडीने चालत. तिकीट नव्हते, तबकडी नव्हती. पुढे १९७८ साली कर्डकांनी या जलशांवर पुस्तक लिहिले, म्हणून निदान काही नावे तरी हाती लागतात.

या परंपरेतून मोठा झालेला कवी म्हणजे वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावी १५ ऑगस्ट १९२२ रोजी त्यांचा जन्म झाला. पोटासाठी ते मुंबईला गेले, गिरणीत आणि इतरत्र मिळेल ती मजुरी केली. तेथे एकदा कुणीतरी त्यांच्यापुढे पत्र धरले आणि वाचून दाखवा म्हणाले. वामनदादांना अक्षरओळख नव्हती. त्या लाजेने त्यांना रडू कोसळले आणि मग त्यांनी समता सैनिक दलातील एका शिक्षकाकडून मुळाक्षरे गिरवली. दुकानांच्या पाट्या वाचून जोडाक्षरे शिकले. शाळेत खडू हाती धरणाऱ्या कुणालाही ही हकीकत विसरता येणार नाही. १९४३ साली त्यांनी पहिले गाणे रचले, ते एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर. तबकडीने चाळीत आणून सोडलेली चाल त्यांनी उचलली आणि तिच्यात आपल्या माणसांचे शब्द भरले. नाटकवाल्यांनी ठुमरीच्या चालीवर पदे बांधली, तेव्हा ती कला ठरली; वामनदादांनी केले तेही त्याच जातीचे होते.

पुढे साठ वर्षे हा माणूस गात फिरला. १४ एप्रिलचा उत्सव असो, बुद्धपौर्णिमा असो. वस्तीत फळ्यांचे व्यासपीठ, एक पेटी, एक ढोलकी, आणि रात्र सरेपर्यंत गाणे. 'वाटचाल', 'मोहळ', 'हे गीत वामनाचे' असे त्यांचे संग्रह निघाले. पण त्यांची हजारो गाणी पुस्तकापेक्षा मुखांतूनच अधिक पसरली. ज्यांना गाणी पाठ होती, त्यांतील कित्येकांनी कवीला पाहिलेही नव्हते. तरी नाव ठाऊक होते. कारण वामनदादांनी संतांची रीत सोडली नव्हती. त्यांच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' असायचाच. ज्याला एके काळी स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, त्याने ते असे लोकांच्या जिभेवर लिहून ठेवले.

त्याच सुमारास पुण्यात निराळ्या मार्गाने एक असाच चमत्कार घडला होता. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' दर आठवड्याला एक गीत या क्रमाने सुरू झाले. त्या वर्षी अधिक मास आल्याने मालिका लांबली आणि गीतांची संख्या छप्पन्न झाली. लोक रेडिओला हार घालीत, असे जुनी मंडळी सांगतात. नंतर फडक्यांनी त्याचे हजारावर प्रयोग देशात आणि परदेशांतही केले. इथे मात्र कवीचे नाव हरवले नाही. आकाशवाणी ते उच्चारी, प्रत्येक कार्यक्रमात ते घेतले जाई. म्हणजे नाव हरवणे हा काही यंत्राचा धर्म नव्हे; ते घेण्याची इच्छा नसणे, हेच खरे कारण.

१९८० नंतर स्वस्त कॅसेटी आल्या आणि वामनदादांच्या गाण्यांनाही नवे पाय फुटले. पण कॅसेटची बाजू ठरावीक मिनिटांची. गाणे लांबले की कात्री कशावर चालावी? शेवटच्या कडव्यावर! आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर गाणे लावले तर गायकाचे नाव दिसते, कंपनीचे दिसते; ज्याचे शब्द त्याला शोधावे लागते. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकार-संगीतकारांना मोबदल्याचा हक्क मिळाला, ही चांगली गोष्ट झाली. पण कायदा हिशेबाच्या वहीत नाव घालतो. ते तोंडी यावे लागते ते ऐकणाऱ्यांच्याच.

वामनदादा १५ मे २००४ रोजी नाशिकला गेले. या जिल्ह्याने त्यांना जन्म दिला आणि शेवटचा विसावाही दिला. त्यांची गाणी अजून दर वर्षी एप्रिलमध्ये गोदेच्या दोन्ही काठांवर ऐकू येतात. ती ऐकताना, किंवा घरी कुठलेही आवडते गीत गुणगुणताना, एवढेच करावे: दोन कडव्यांवर थांबू नये. पुढचेही कडवे म्हणावे. कवीने आपली ओळख तिथेच ठेवलेली असते.