पद्मिनीचा कॅमशाफ्ट कसा निवडावा

गळीत हंगामात अंबड तालुक्यातल्या रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्याला उसाच्या ट्रॉल्यांमागे तिसऱ्या गिअरवर रांगायची सवय असते. अंकुशनगरचा समर्थ सहकारी साखर कारखाना सुरू झाला की ओव्हरटेकला जागा मिळेपर्यंत इंजिन कमी फेऱ्यांवर ओढत राहावे लागते. जुन्या प्रीमियर पद्मिनीला नवा कॅमशाफ्ट बसवायचा असेल, तर निवडीची सुरुवात या रस्त्यापासून करावी. मिळेल तो शाफ्ट आणून बसवणे, किंवा कुणी सांगितले म्हणून 'रेसिंग कॅम' मागवणे, या दोन्ही वाटांनी चांगली इंजिने वाया गेली आहेत.

आधी इंजिन समजून घेऊ. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट 1100 तयार होऊ लागली आणि 1974 पासून ती पद्मिनी या नावाने विकली गेली. सिलिंडरचा व्यास 68 मिमी, स्ट्रोक 75 मिमी, चार सिलिंडर मिळून 1089 सीसी. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये खाली बसतो आणि क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. लोब टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्हला दाबतो. लोबवर एक मिलिमीटरचा दहावा भाग झिजला तरी ही सगळी साखळी तेवढी तोकडी पडते.

म्हणून जुना शाफ्ट खरोखर बदलायचा का, हे मोजूनच ठरवावे. मायक्रोमीटरने लोबच्या टोकापासून पाठीपर्यंतची उंची घ्यावी, मग काटकोनात तळवर्तुळाचा व्यास घ्यावा. दोन्हींची वजाबाकी म्हणजे लिफ्ट. सगळे इनलेट लोब एकमेकांशी आणि सगळे एक्झॉस्ट लोब एकमेकांशी ताडून पाहावेत. एखादाच लोब कमी भरला, तर त्याच्यावरचा टॅपेट काढून बूड उजेडात तिरके धरावे. मधोमध खळगा दिसेल, कडेला बारीक खड्डे दिसतील आणि नखाला खरखर लागेल. टॅपेट फिरायचा थांबला की असे होते. अशा इंजिनांत लोबला किंचित उतार आणि टॅपेटच्या बुडाला किंचित फुगवटा ठेवलेला असतो. त्यामुळे प्रत्येक उचलीला टॅपेट थोडा फिरतो आणि झीज एका जागी साचत नाही. झिजलेल्या टॅपेटवर नवा शाफ्ट बसवला की नवा लोबही लवकरच खाल्ला जातो. शाफ्ट बदलला म्हणजे आठही टॅपेट बदलले, असाच हिशेब धरावा.

आता लोबचा आकार. जाहिरातीत लिफ्ट आणि ड्युरेशन हे दोन आकडे मिरवले जातात, पण आपल्या कामाचा आकडा तिसराच आहे: इनलेट व्हॉल्व्ह कधी बंद होतो. पिस्टन तळाला जाऊन वर येऊ लागल्यावरही हा व्हॉल्व्ह काही अंश उघडा राहतो. जास्त फेऱ्यांवर आत येणाऱ्या मिश्रणाला वेग असतो, त्यामुळे त्याचा फायदा होतो. कमी फेऱ्यांवर मात्र तेच मिश्रण परत कार्ब्युरेटरकडे ढकलले जाते.

हिशेबासाठी कनेक्टिंग रॉड 135 मिमी आणि कॉम्प्रेशन 7.5 धरू. व्हॉल्व्ह 50 अंश उशिरा बंद झाला, तर तोवर पिस्टन सुमारे 10 मिमी वर आलेला असतो आणि दाबायला 65 मिमी उरतात. 70 अंशांवर तो सुमारे 20 मिमी वर असतो आणि 55 मिमीच उरतात. म्हणजे प्रत्यक्षातले कॉम्प्रेशन पहिल्या शाफ्टवर साधारण 6.6 आणि दुसऱ्यावर 5.8 पडते. मुळात बेताच्या कॉम्प्रेशनच्या इंजिनाला ही तूट झेपत नाही. ट्रॉलीमागे तिसऱ्या गिअरवर गाडी गचके देते, आयडलिंग डळमळते आणि पेट्रोलही जास्त जाते. हेडचे कॉम्प्रेशन, कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट यांना हात लावायचा नसेल, तर मूळ प्रोफाइलच घ्यावे. यात तडजोड नको.

धातूचाही विचार हवा. सोलापुरात 1992 साली स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी जगभरच्या मोटार कंपन्यांसाठी कॅमशाफ्ट बनवते. तिथली मुख्य परंपरा चिल्ड कास्ट आयर्नची. साच्यात लोबच्या जागी धातूचे तुकडे ठेवतात, ओतलेले लोखंड तिथे झटकन थिजते आणि लोबचा पृष्ठभाग अतिशय कठीण होतो. जुना शाफ्ट घासून 'रीग्राइंड' करून घेताना नेमके हेच विसरले जाते. घासण्यात तो कठीण थर किती गेला, याचे उत्तर कठीणपणा मोजल्याशिवाय मिळत नाही. शिवाय रीग्राइंडने तळवर्तुळ लहान होते, टॅपेट खाली बसतो आणि रॉकरचा अॅडजस्टिंग स्क्रू त्याच्या मर्यादेपर्यंत न्यावा लागतो. थोडके घासकाम, उरलेल्या कठीणपणाचे माप आणि नवे टॅपेट, या तिन्ही गोष्टी जमत असतील तरच रीग्राइंड पत्करावे.

मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारातून जुना शाफ्ट आणला, तर लोबइतकेच लक्ष डिस्ट्रिब्युटर फिरवणाऱ्या गिअरच्या दातांवर द्यावे. ते झिजलेले असतील तर इग्निशन टायमिंग कधीच स्थिर राहणार नाही.

बसवताना लोबला मॉलिब्डेनमयुक्त असेंब्ली पेस्ट लावावी, टायमिंगच्या खुणा जुळवाव्यात आणि डायल गेजने पहिल्या सिलिंडरचा इनलेट तपासावा. पहिल्यांदा इंजिन सुरू होताच 2000 फेऱ्यांवर वीसेक मिनिटे चालू ठेवावे. आयडलिंगवर लोबवर पुरेसे तेल उडत नाही आणि नवा पृष्ठभाग तिथेच खरवडतो. मे महिन्यात हे काम भल्या सकाळी करावे, म्हणजे रेडिएटर तापून मध्येच थांबायची वेळ येत नाही.

तेलाच्या बाबतीत नव्या गाड्यांचे पातळ तेल टाळावे. एक्झॉस्टमधला उत्प्रेरक जपण्यासाठी त्यातल्या फॉस्फरसवर 0.08 टक्क्यांची मर्यादा आहे, आणि सपाट बुडाच्या टॅपेटचे रक्षण जस्त-फॉस्फरसचाच थर करतो. ज्याच्या माहितीपत्रकात हे प्रमाण भरपूर दिलेले आहे, असे 20डब्ल्यू-50 तेल घ्या. पहिले तेल गाडी थोडीच चालल्यावर बदला, आणि काढलेल्या तेलात चुंबक फिरवून लोखंडाचा कीस येतो का ते पाहा. आला तर व्हॉल्व्ह कव्हर काढून लगेच लिफ्ट मोजा. अजून वेळ गेलेली नसते.